मतदानाआधी मैदान

आजच्या भागात आम्ही एका फुटबॉल क्लबचा इतिहास सांगणार आहोत. कुणी म्हणेल, फुटबॉलशी आपला काय संबंध? संबंध आहे. हा क्लब बायकांचा होता, आणि त्या पहिल्यांदा मैदानात उतरल्या तेव्हा नव्या राज्यघटनेनं दिलेला मताचा हक्क त्यांच्या देशातल्या एकाही बाईनं अजून वापरलेला नव्हता.

देशाचं नाव कोस्टा रिका. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीवरचा हा छोटा देश. आपल्या महाराष्ट्राचे सहा भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. कॉफी आणि केळी ही तिथली मोठी पिकं. १९४८ साली निवडणुकीच्या निकालावरून तिथं यादवी युद्ध झालं. ते संपल्यावर, त्याच वर्षी १ डिसेंबरला, त्या देशानं आपलं सैन्यच बंद करून टाकलं. पुढं ७ नोव्हेंबर १९४९ ला नवी राज्यघटना आली आणि तिच्यात बायकांना मताचा हक्क मिळाला. आपल्या संविधान सभेनं संविधान स्वीकारलं ते २६ नोव्हेंबर १९४९ ला, म्हणजे बरोबर १९ दिवसांनी.

तो हक्क काही आपोआप पदरात पडला नाही. आंखेला आकुन्या नावाच्या बाई, पुढं त्या देशातल्या पहिल्या महिला वकील झाल्या, त्यांनी १९२३ मध्ये बायकांची संघटना उभी केली होती. तेव्हापासून अर्ज, सभा, नकार, पुन्हा अर्ज, असं २६ वर्षं चाललं.

त्याच १९४९ साली राजधानी सान होसेमध्ये बोनिया आडनावाच्या भावांनी, फर्नांडो आणि मॅन्युएल यांनी, मुलींना गोळा करून एक फुटबॉल संघ बांधला. नाव ठेवलं देपोर्तीवो फेमेनीनो कोस्टा रिका. लॅटिन अमेरिकेतल्या बायकांच्या सुरुवातीच्या क्लबांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. २६ मार्च १९५० ला या मुली राष्ट्रीय स्टेडियमवर लोकांसमोर खेळल्या.

आज यात नवल वाटणार नाही. पण तेव्हा जगात काय चाललं होतं ते बघा. इंग्लंडमध्ये कारखान्यात काम करणाऱ्या बायकांचा एक संघ होता. १९२० च्या डिसेंबरात त्यांचा सामना बघायला सुमारे ५३ हजार माणसं आली. वर्षभरात तिथल्या फुटबॉल संघटनेनं ठरवलं, की हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी जवळजवळ ५० वर्षं राहिली. ब्राझीलमध्ये तर १९४१ साली सरकारी हुकूमच निघाला आणि तो १९७९ पर्यंत टिकला. बाईच्या शरीराची काळजी हे कारण दोन्हीकडं पुढं केलं जाई. त्याच शरीरानं कारखान्यात पाळी भरली, शेतात ओझी वाहिली, तेव्हा ही काळजी कुणाला सुचली नव्हती. मोठ्या देशांची ही तऱ्हा असताना छोट्या कोस्टा रिकातल्या मुली भर स्टेडियमवर चेंडू मारत होत्या. पुढं शेजारच्या देशांत जाऊनही त्या खेळल्या.

आता तारखांकडं लक्ष द्या. सामना झाला मार्चमध्ये. चार महिन्यांनी, ३० जुलै १९५० ला, ला तिग्रा आणि ला फोर्तुना या गावांत मतदान होतं. ही गावं कोणत्या तालुक्यात राहायची, एवढाच प्रश्न होता. त्या दिवशी ला तिग्रा इथं बर्नार्दा वास्केस या बाईनं मत टाकलं. कोस्टा रिकाच्या इतिहासात मत देणारी पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. म्हणजे आधी मैदान आणि मग मतपेटी, असा क्रम लागला.

पण मैदानावर उतरल्या म्हणजे वाट सोपी झाली, असं नाही. फुटबॉलचा बायकांचा पहिला जागतिक करंडक झाला तो थेट १९९१ मध्ये, चीनमध्ये. कोस्टा रिकाच्या बायका तिथवर पोचल्या २०१५ मध्ये, म्हणजे त्या पहिल्या सामन्यानंतर ६५ वर्षांनी. संघाच्या प्रशिक्षक अमेलिया वाल्व्हेर्दे तेव्हा अवघ्या २८ वर्षांच्या होत्या. स्पेनशी १-१ अशी बरोबरी, दक्षिण कोरियाशी २-२, आणि ब्राझीलकडून फक्त एका गोलनं हार. पुढच्या फेरीत जाता आलं नाही, पण कुणासमोर मान खाली घालावी असंही काही झालं नाही.

मैत्रिणींनो, १९५० च्या त्या मुलींना जागतिक करंडक ठाऊक नव्हता, कारण तो तेव्हा नव्हताच. त्यांनी पहिली जागा धरली, एवढंच. हक्क कागदावर येतो तेव्हा काम निम्मंच झालेलं असतं. ग्रामपंचायतीत आपली खुर्ची राखीव असते, पण तिच्यावर बसून बोलावं आपल्यालाच लागतं. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एक विषय आम्ही सुचवतो: आपल्या गावातल्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी कोण खेळतं? मुली दिसतात का? नसतील, तर का नाहीत? जे उत्तर येईल ते इतिवृत्ताच्या वहीत लिहा, आणि ती वही घेऊन ग्रामसभेला जा.