पाच लाखांचं राज्य

मुंबईत कुणाला "राहता कुठं?" म्हणून विचारलं, तर तो पार्ल्याला, दादरला, मुलुंडला असं काहीतरी सांगतो. वर स्टेशनपासून किती मिनिटं, हेही न विचारता सांगतो. पण हे झालं माणसामाणसांतलं. महापालिकेच्या लेखी पार्ल्याच्या पूर्वेचा गृहस्थ 'के पूर्व'मध्ये राहतो, दादरच्या पश्चिमेचा 'जी उत्तर'मध्ये आणि मुलुंडकर 'टी'मध्ये. जन्मभर ज्याला सगळ्यांनी 'ढ' म्हटलं, त्यालाही महापालिका एक इंग्रजी अक्षर बहाल करते. आमचं अक्षर कोणतं ते सांगत नाही. उगाच पाण्याची बिलं आणि शेजारधर्म, दोन्ही बिघडायचं.

ही मुळाक्षरं 'ए'पासून 'टी'पर्यंत जातात, पण मधली आय, जे, ओ आणि क्यू ही चार गायब आहेत. मुंबईत 'क्यू' वॉर्ड नाही. अर्थात क्यू नसलेला वॉर्डही नाही, म्हणून तक्रारीला जागा नाही.

या अक्षरांमागे मोठा इतिहास आहे, आणि तो गटारांपासून सुरू होतो. १८६५च्या कायद्यानं मुंबईचा कारभार आर्थर क्रॉफर्ड नावाच्या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला. साहेब कामाचे होते. पैसे खर्च करण्याच्या कामाचे तर फारच होते. शहर धुतलं, रस्ते झाले, मंडई उभी राहिली. तिजोरीसुद्धा धुऊन निघाली. १८७१ साली करदाते खवळले. त्या गदारोळात फिरोजशहा मेहता नावाचा सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर उठला आणि म्हणाला, दोष एकट्या साहेबाचा नाही, त्याला जाब विचारणारी लोकनियुक्त सभा नाही हे खरं दुखणं आहे. काम एकानं करावं आणि हिशेब अनेकांनी मागावा, असा त्यांचा सांगण्याचा मथितार्थ. सभेनं त्यांची हुर्यो केली. शहाणपणाचं स्वागत करण्याची आपली पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

पण १८७२चा कायदा झाला. महापालिकेत चौसष्ट सभासद आले; त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे. त्याच साली शिरगणती झाली तेव्हा मुंबईची वस्ती सहा लाख चव्वेचाळीस हजारांवर होती. त्यांतल्या कर भरणाऱ्या मूठभरांनाच मत होतं. चाळीत राहणाऱ्याला गटाराचा वास घेण्याचा हक्क होता, त्याबद्दल मत देण्याचा नव्हता. प्रौढ मताधिकारानं पहिली निवडणूक व्हायला १९४८ साल उजाडावं लागलं. पुढं १९५० साली आणि नंतर १९५७ साली उपनगरं पोटात घेत शहर दहिसर आणि मुलुंडपर्यंत पसरलं. शहराबरोबर मुळाक्षरंही वाढत गेली.

आता कुणी म्हणेल, एवढं मोठं शहर, त्यात गल्लीबोळातल्या सभासदाचा उपयोग तो काय? याचं उत्तर १८९६ साली मिळालं आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीच्या दाट वस्तीत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी एक तापाचा रोगी तपासला आणि ओळखलं की हा प्लेग आहे. हे डॉक्टर महापालिकेच्या स्थायी समितीचे सभासदही होते. त्यांनी सभेत सांगितलं. बऱ्याच जणांचा विश्वास बसेना. बसणार कसा? मोठ्या कचेरीत उंदीर मरून पडत नाहीत. ते गोदामात पडतात. मुंबईवरचं मोठं संकट पहिल्यांदा नकाशात दिसलं नाही. जिन्यावरून वरखाली करणाऱ्या माणसाला दिसलं.

हीच गोष्ट दिल्लीला कळायला शंभराला चार कमी वर्षं लागली. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या हव्यात असं ठरवलं. मुंबईच्या कायद्यातही मग प्रभाग समिती आली. त्या भागातले नगरसेवक, वॉर्डाचा अधिकारी आणि सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी अशी ही पंगत. पाणी, गटार, कचरा, पावसाचं तुंबणं यांवरच्या तक्रारींची दाद लावणं हे काम. वॉर्डाच्या खर्चाबद्दल शिफारस करणं हे दुसरं. आणि अंदाजपत्रकात तरतूद असेल तर पाच लाखांपर्यंतच्या कामाला मंजुरी देणं हा अधिकार! मुंबईत पाच लाखांत काय येतं, असं कृपा करून विचारू नका. राज्य लहान असलं म्हणून ते राज्य नसतं थोडंच?

या राज्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्या तारखेवर कोटी करण्याचा मोह आम्ही आवरतो, कारण ती सगळ्यांनी करून झाली आहे. आरंभाला अध्यक्षाची निवड. मुदत वर्षाची. अध्यक्षाला वॉर्डातली सगळी गटारं पाठ होईपर्यंत खुर्ची रिकामी करायची वेळ येते.

मे महिना गाळाचा. पावसाळ्याआधी नाले साफ करायचे म्हणून गाळ काढतात, मोजतात आणि काठावर ठेवतात. किती टन निघाला यावर बैठकीत कडाक्याचं भांडण होतं. तेवढ्यात काठावरचा गाळ वाळतो, पाऊस येतो आणि गाळ जिथला तिथं, शांतपणे, कुठलाही ठराव न करता परत जातो.

जून-जुलै तुंबण्याचे. हिंदमाताजवळ पाणी साचलं की मुंबईकराला पावसाळा सुरू झाल्याची खात्री पटते. वेधशाळेचं नंतर बघता येतं. यात विनोद एवढाच की शहराची जुनी पर्जन्यवाहिनी तासाला पंचवीस मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली, तीही ओहोटी असेल तर. आणि २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. तिथं विनोद संपतो. या वाहिन्या मोठ्या करा, असं सांगणारा तज्ज्ञांचा अहवाल १९९३ सालीच तयार झाला होता. अहवाल कोरडा राहिला, माणसं बुडाली.

श्रावण-भाद्रपदात डास आणि मंडप. दोन्ही रस्त्यावर वाढतात, आणि दोघांवर बोलताना सभासदांना आवाज सांभाळावा लागतो. डासांना मतं नसतात, मंडपांना असतात. दिवाळीच्या सुमाराला खणण्याचा हंगाम. वीज खणते, टेलिफोन खणतो, गॅस खणतो. रस्ता बुजवायला मात्र कुणी एकटं पुढं येत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आयुक्त मोठं अंदाजपत्रक मांडतात, आणि त्या हजारो कोटींच्या बाडात आपली मोरी शोधणं हे वॉर्डाचं काम. मार्चमध्ये शिल्लक पैसे संपवायचे. म्हणून मार्चात चांगल्या फुटपाथाच्या लाद्या उपटून त्याहून थोड्या वाईट लाद्या बसतात. मग पुन्हा एप्रिल.

सांगितलं तसं ऐकलं तर हे सगळं हास्यास्पद वाटतं. आम्हीही हसतो. पण ७ मार्च २०२२ला मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत नवे आलेच नाहीत. नगरसेवक नाहीत म्हणून प्रभाग समित्या नाहीत. त्या काळात नाले थांबले नाहीत, गाळही निघाला, टनही मोजले गेले. कमिशनर होते, अधिकारी होते, तक्रारीला क्रमांक मिळत होता. नव्हता तो एवढाच माणूस, जो भर बैठकीत कागद फडकावून म्हणतो, "साहेब, हा गाळ निघाला कुठून, गेला कुठं, आणि आमच्या जिन्याखाली अजून आहे तो कुणाचा?" त्याचं भांडण ऐकताना कंटाळा येतो खरा. पण ते चार पावसाळे ज्यांनी जिन्याखालचं पाणी स्वतः उपसलं, त्यांना तो कंटाळाही आठवला असेल.

दीडशे वर्षांपूर्वी मुंबईकर एका खर्चिक साहेबावर चिडले आणि हिशेब मागणारी सभा मागून बसले. तेव्हापासून आपण हिशेबच मागतो आहोत. टनांचा, लाद्यांचा, पाच लाखांचा. उत्तर नेहमी मिळतंच असं नाही. पण प्रश्न विचारायला जागा असली की उत्तर देणाऱ्याला निदान घाम पुसावा लागतो, आणि मुंबईच्या हवेत ते अगदीच अवघड काम नाही.