कौटिलीय अर्थशास्त्रांतील सूत्राध्यक्ष व स्त्रियांचें वेतन

स्त्रियांच्या श्रमाचा इतिहास लिहूं जातां पहिली अडचण साधनांची येते. स्त्रिया सर्व काळीं राबत आल्या. परंतु तें लिहून ठेवावें, असें लेखकांस बहुधा वाटलें नाहीं. अमेरिकेंतील विदुषी क्लॉडिया गोल्डिन यांस इ. स. २०२३ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत या साधनचिकित्सेचा वांटा मोठा आहे. तेथील जुन्या खानेसुमारींत विवाहित स्त्रीच्या धंद्याच्या रकान्यांत पुष्कळदां ‘पत्नी’ एवढेंच लिहिलेलें असे. मग ती शेतावर वा घरच्या धंद्यांत कितीहि राबो. इतर साधनें ताडून पाहतां, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम करणाऱ्या विवाहित स्त्रियांचें प्रमाण खानेसुमारींतील आंकड्याच्या जवळजवळ तिप्पट होतें, असें त्यांनीं दाखविलें.

या दृष्टीनें कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील तेविसावा अध्याय पुन्हां वाचण्याजोगा आहे. या ग्रंथाची ताडपत्री पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयांत इ. स. १९०५ च्या सुमारास उजेडांत आली व इ. स. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. पुढें मुंबई विद्यापीठानें रा. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति इ. स. १९६० सालीं काढली. ग्रंथाच्या कालाविषयीं पंडितांत एकमत नाहीं. त्या वादांत येथें शिरण्याचें प्रयोजन नाहीं.

सदर अध्यायांत सूत्राध्यक्षाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. लोंकर, वल्क, कापूस, ताग इत्यादिकांचें सूत त्यानें विधवा, व्यंग असलेल्या स्त्रिया, कन्या, प्रव्रजिता, दंड श्रमानें फेडणाऱ्या स्त्रिया, वृद्ध राजदासी, देवसेवेंतून निवृत्त झालेल्या दासी इत्यादिकांकडून कातवून घ्यावें. वेतन ठरवितांना सूत बारीक, मध्यम कीं जाडें, व किती, हें पाहावें. ज्या घराबाहेर पडत नाहींत, त्या ‘अनिष्कासिनी’ स्त्रियांना पोटासाठीं काम करणें भाग पडल्यास आपल्या दासींकरवीं त्यांच्या घरीं काम पोंचवावें. ज्या स्वतः सूत्रशाळेंत येतील, त्यांच्याशीं मालाची व वेतनाची देवघेव पहांटेस व्हावी. दिवा लावावा तो केवळ सूत पारखण्यापुरता.

यापुढील दंडविधान विशेष लक्ष देण्याजोगें आहे. अधिकाऱ्यानें स्त्रीचें मुख न्याहाळलें किंवा कामाखेरीज भाषण केलें, तर त्यास पूर्वसाहसदंड. वेतन देण्यास विलंब लावला, तर मध्यमसाहसदंड. तिसऱ्या अधिकरणांत या दंडांचीं मानें दिलीं आहेत: पहिला ४८ ते ९६ पण, दुसरा २०० ते ५०० पण. म्हणजे मर्यादाभंगापेक्षां वेतनविलंब हा शास्त्रकाराच्या मतें मोठा अपराध होय. न केलेल्या कामाचें वेतन दिल्यासहि हाच मध्यमदंड आहे. तेव्हां राजकोशाचें रक्षण हाहि हेतु उघड दिसतो. उलट, वेतन घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीस मात्र अंगुष्ठसंदंशाचा छेद सांगितला आहे. अधिकाऱ्यास द्रव्यदंड व कातणारीस देहदंड, हें वैषम्य झांकून या अध्यायाची नुसती स्तुति करणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाहीं. बोटें गेलीं कीं कातणेंहि गेलें.

हा विधिग्रंथ आहे. यांत सांगितलें तसें प्रत्यक्ष घडत होतें, असें केवळ त्यावरून म्हणतां येत नाहीं. तथापि ज्याविषयीं नियम करावा लागला, ती अडचण शास्त्रकारास ठाऊक होती, एवढें खास. निराधार स्त्रीस काम हवें, तें कधीं घरपोंच हवें, व त्याचें मोल वेळेवर हवें, या तीन गोष्टी त्यानें जाणल्या होत्या.

आतां प्रश्न असा कीं, या स्त्रिया येथेंच कां दिसतात? याचें कारण सूत राजाचें होतें. त्याचें माप घ्यावयाचें, वेतन मोजावयाचें. म्हणून कातणारीची नोंद झाली. जेथें हिशेब आहे तेथें ती सांपडते. जेथें केवळ वंशावळ व सनद आहे तेथें ती लोपते.

येथें संग्राहकबंधूंस एक विनंति करावीशी वाटते. जुना रुमाल सोडला कीं आपण प्रथम शिक्कामोर्तबाचे कागद शोधतों. मजुरीच्या यादी, रोजकीर्दीचे फाटके बंद, धान्य दिल्याच्या नोंदी हे कागद पोथीच्या वेष्टनाला तरी जातात किंवा रद्दींत तरी. प्रस्तुत लेखकहि या दोषास अपवाद नाहीं. सनदेंत जिचें नांव येण्याचा संभव नाहीं, अशी दळणारी, कातणारी वा सारवणारी स्त्री भेटलीच तर याच बंदांत भेटेल. हे कागद वेगळे काढून, निदान त्यांची यादी करून ठेवावी. पुढील अभ्यासकास गोल्डिनबाईंप्रमाणें खानेसुमारीची चूक दुरुस्त करावयाची झाल्यास त्याजपाशीं ताडून पाहावयास कांहीं तरी उरलें पाहिजे.