सही जुळत नाही

माणूस जन्मभर एकच सही करतो, अशी बँकेची एक भाबडी समजूत आहे. नमुन्याची सही समोर ठेवून मी चेकवरच्या सहीकडे असा काही रोखून पाहतो, की समोरच्या गृहस्थाला आपण आपणच आहोत ना, अशी शंका यावी.

अमेरिकेचा सहीवर भारी जीव. १९५० साली न्यूयॉर्कात डायनर्स क्लबचं पुठ्ठ्याचं कार्ड निघालं. जेवा, सही ठोका, चालू लागा! पुढे कार्डाला चुंबकीय पट्टी आली, तरी सही सुटली नाही.

फ्रेंच माणूस संशयी. रोलाँ मोरेनो यांनी १९७४ साली चिपच्या कार्डाचं पेटंट घेतलं आणि १९९२ संपेपर्यंत तिथल्या बँकांच्या सगळ्या कार्डांत चिप बसली. सही गेली, आकडे आले. इंग्रजांनी दुकानात पिन सक्तीचा करायला २००६ च्या १४ फेब्रुवारीचा मुहूर्त काढला. साहेबाचं प्रेमसुद्धा चार आकडी! अमेरिका हलली ती २०१५ साली, चिपचं यंत्र नसेल तर फसवणुकीचा भुर्दंड दुकानदाराच्या माथी बसू लागला तेव्हा. सहीची सक्ती कार्ड कंपन्यांनी सोडली २०१८ मध्ये. उपदेशानं जे होत नाही ते भुर्दंडानं होतं.

आणि आकडे चारच का? तर १९६७ साली लंडनच्या एन्फील्ड भागात पैसे देणारं यंत्र बसवणाऱ्या शेफर्ड-बॅरनसाहेबांना (जन्म आपल्या शिलाँगचा!) हवे होते सहा. बायको म्हणाली, मला चारच लक्षात राहतात. विषय संपला. ही हकीकत साहेबांनीच सांगितलेली आहे.

आपण मात्र सगळ्यांच्या वरताण. घरबसल्या खरेदीला २००९ पासून जादा पडताळणी, दुकानात डेबिट कार्डाला २०१३ पासून पिन. अमेरिकेतला भाचा कार्डाचा नंबर टाकून मोकळा होतो. मी ओटीपीची वाट बघत गॅलरीत रेंज शोधत असतो.

मध्यंतरी वडील आमच्या शाखेत चेक घेऊन आले. हात थरथरतो. सही जुळेना. लहानपणी प्रगतिपुस्तकावर मी जिची नक्कल मारायचो, तीच सही. आता ती त्यांच्यापेक्षा मला बरी जमते! साहेबांनी नवा नमुना घेतला, मी त्यांना कार्ड घ्यायला लावलं. मशीनपाशून परत येऊन ते कानात म्हणाले, "तुझं जन्मसाल टाकलंय." (नंबर आता बदललाय, उगाच खटपट करू नका.)

'जन्मसाल टाकू नये' ही पाटी तिथं मीच चिकटवली आहे. त्या दिवशी मी त्यांना काही बोललो नाही.