आडनावाची साक्ष

मिरजेत 1905 साली जन्मलेल्या या मुलीचे घरातले नाव चंपाकली. वडील किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, आई बडोद्याच्या सरदार मारुतीराव मान्यांची मुलगी ताराबाई. 1922 मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावे पालटली. अब्दुल रहमान सुरेशबाबू झाला, चंपाकली हिराबाई, सकीना सरस्वती. इथपर्यंत जमीन पक्की आहे.

आता लाखेची जुनी तबकडी हातात घ्यावी. मधल्या गोल कागदावर रागाच्या नावाजवळ छापले आहे, हिराबाई बडोदेकर. भावाचे नाव मात्र सुरेशबाबू माने. एकाच आईची ही दोन मुले, पण मुलाला मिळाले आईचे कुळ आणि मुलीला आईचे गाव. सरस्वतीबाईंचे ‘राणे’ लग्नानंतरचे, म्हणून ते या तुलनेत धरता येत नाही. वडिलांचे नाव कोणाच्याच मागे नाही.

हा फरक का पडला? केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावे आठवा. गाणाऱ्या स्त्रीला गावावरून ओळखण्याची तेव्हाची रीतच होती. हिराबाईंचे आडनाव त्याच रीतीतून आले असावे. हा तर्क आहे, पण मला तो बळकट वाटतो. सुरेशबाबूंच्या ‘माने’ला मात्र ही रीत लागू पडत नाही. मुलाने बापाचे नाव चालवायचे, हा नियम तिथे सरळ मोडलेला दिसतो. त्यामागे स्वाभिमान होता, की सरदार घराण्याच्या नावाचा आधार हवा होता? नुसते आडनाव याचे उत्तर देत नाही.

आडनाव बापाचेच का, या प्रश्नावर टोकियोत एका चिनी स्त्रीने आधीच लेखणी उचलली होती. हे-यिन झेन हिने 1907 मध्ये तिथून ‘थ्येनयी’ हे नियतकालिक काढले. आपल्या सहीत तिने वडिलांच्या ‘हे’ला आईचे ‘यिन’ जोडले. स्त्री आणि पुरुष असा भेद हाच सत्तेचा आणि मालमत्तेचा पाया आहे, असे तिचे म्हणणे होते. केवळ बापाचे आडनाव लावणे हे तिला त्याच भेदाचे रोजचे रूप वाटे. 1919 मध्ये नवरा ल्यू शिपेई वारला आणि त्यानंतर तिचा खात्रीचा माग लागत नाही.

ताराबाईंनी हे वाचले असेल, असे सुचवण्यालाही आधार नाही. तरी एकीने लेखात मांडलेली गोष्ट दुसरीने मुलांच्या नावांत करून दाखवली, एवढे मी ठामपणे म्हणेन.

अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. 1970 च्या पद्मभूषण यादीत त्यांच्या मिरजेत जन्मलेल्या लेकीचे नाव आहे हिराबाई बडोदेकर.