मनीषा कल्याणचं 2022: एक जानेवारी, एक ऑगस्ट

लोहाऱ्यातून, म्हणजे आपल्या यवतमाळच्या लोहाऱ्यातून. ज्यांना ऐकायला वेळ नाही, नेट स्लो आहे किंवा घरात सगळे झोपलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतोय.

आजचा विषय फुटबॉल. नाही, मेस्सी नाही. मनीषा कल्याण. पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातली पोरगी, जन्म नोव्हेंबर 2001 चा. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या वयाची. आधी ती शाळेत धावायची, मग फुटबॉलकडे वळली. तिचं सगळं आयुष्य मी सांगत बसणार नाही. आपल्याला बघायचंय फक्त एक वर्ष, 2022. बाईने फुटबॉल हा पेशा म्हणून निवडला तर या देशात काय काय होऊ शकतं, ते सगळं या एका वर्षात आलंय. आणि त्याचा मोठा भाग घडलाय महाराष्ट्रात.

थोडं मागून सुरू करू. 25 नोव्हेंबर 2021, ब्राझीलमधलं मनाऊस शहर. समोर ब्राझीलचा संघ, आणि तोही फॉर्मिगाच्या निरोपाच्या सामन्यात. फॉर्मिगा म्हणजे सात वर्ल्ड कप खेळलेली बाई, सात! पहिल्याच मिनिटाला ब्राझीलने गोल केला. आणि आठव्या मिनिटाला मनीषाने बरोबरी साधली. 1-1. शेवटी आपण 6-1 हरलो, ते सोडा. तो गोल यूट्यूबवर शोधा आणि तिची धाव बघा.

दोन महिन्यांनी एएफसी महिला आशियाई कप आला, आणि यजमान कोण? भारत. सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. बारा संघ, त्यातले आठ पुढे जाणार. तिथून 2023 च्या वर्ल्ड कपचा रस्ता होता. भारतीय बायकांच्या फुटबॉलला वर्ल्ड कप इतका जवळ क्वचितच दिसला असेल. थॉमस डेनर्बी या स्वीडिश कोचने पोरींना कित्येक महिने कॅम्पमध्ये ठेवलं होतं, देशोदेशी खेळवलं होतं.

20 जानेवारी 2022, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. इराणशी 0-0. जिंकायला हवा होता तो सामना, पण ठीक आहे. 23 तारखेला चायनीज तैपेईशी सामना होता. त्या दिवशी कळलं की संघातल्या बारा जणींना कोरोना झालाय. नियम असा की किमान तेरा खेळाडू उभ्या करता आल्या पाहिजेत. त्या उभ्या राहिल्या नाहीत. सामना झालाच नाही. एएफसीने भारताला स्पर्धेतून बाहेर धरलं आणि इराणशी झालेला सामनाही हिशेबातून काढून टाकला. म्हणजे रेकॉर्ड बघाल तर आपण आपल्याच घरच्या स्पर्धेत खेळलोच नाही. 6 फेब्रुवारीला त्याच मैदानावर चीनने दक्षिण कोरियाला 3-2 हरवून कप नेला.

कोरोनाला कोण काय करणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण जरा जुना हिशेब काढू या, कारण वर्षं वाया जाण्याची ही पहिली वेळ नव्हती.

भारतात बायकांच्या फुटबॉलची वेगळी संघटना 1975 ला निघाली. पुरुषांच्या फेडरेशनला तेव्हा यात रस नव्हता. तरी जानेवारी 1980 मध्ये आशियाई स्पर्धा कालिकतला झाली आणि भारताने त्यात चक्क दोन संघ उतरवले. त्यातला एक फायनलला गेला आणि हरला, चायनीज तैपेईकडून, 2-0. हो, तेच. 1983 ला बँकॉकमध्ये पुन्हा फायनल, यावेळी थायलंडकडून हार. म्हणजे आशियात दुसरा नंबर, दोनदा! आज हे किती जणांना माहीत आहे? पुढे नव्वदच्या दशकात मोठ्या फेडरेशनने कारभार हातात घेतला. आता सुधारेल असं वाटलं. 2009 मध्ये भारताचं नाव फिफाच्या रँकिंगमधूनच गेलं, कारण दीड वर्षाहून जास्त काळ संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. हरून नाही, न खेळून गेलं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही हं. इंग्लंडमध्ये 26 डिसेंबर 1920 ला डिक, केर लेडीज या कारखान्यातल्या पोरींच्या संघाचा सामना बघायला 53,000 लोक आले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या मैदानांवर बायकांना बंदी घातली. ती टिकली जवळपास पन्नास वर्षं.

परत मनीषाकडे. इथली लीग, इंडियन विमेन्स लीग, सुरू झाली 2016-17 ला. पहिल्या मोसमाची मुख्य फेरी जेमतेम अडीच आठवड्यांत आटोपली. वर्षाचे बावन्न आठवडे, त्यातले अडीच. बाकीचे आठवडे पोरीने काय करायचं? आपल्याकडचा एफसी कोल्हापूर सिटी या लीगमध्ये 2018-19 आणि 2019-20 ला खेळला. कोल्हापूरला तालीम मंडळांच्या पुरुष संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं, हे तुम्ही रील्समध्ये पाहिलंच असेल. तशी गर्दी पोरींच्या वाट्याला यायची आहे. आपल्या विदर्भातून विचाराल तर नागपूर, दीडशे किलोमीटर. विजय बारसेंनी 2001 मध्ये तिथे झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, 'झुंड' त्यावरूनच आला. मोठं काम आहे ते. पण त्यातून पेशेवर क्लबपर्यंत जायची पायरी पोरींसाठी कुठे आहे, हा प्रश्न उरतोच.

मनीषा आधी सेतू एफसीकडून आणि मग गोकुलम केरळकडून खेळली. गोकुलमने लीग जिंकली आणि जुलै 2022 मध्ये ती सायप्रसच्या अपोलॉन लेडीज क्लबमध्ये गेली. तिच्या आधी मणिपूरची बाला देवी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली होती, त्यामुळे रस्ता अगदीच कोरा नव्हता.

आणि आता ऑगस्ट. इथे नीट लक्ष द्या.

फेडरेशनचे अध्यक्ष होते आपल्या विदर्भातले, गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. त्यांची मुदत डिसेंबर 2020 ला संपली, निवडणूक झाली नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मे 2022 मध्ये कोर्टाने कारभार तीन जणांच्या समितीकडे दिला. फिफा म्हणाली, बाहेरचा हस्तक्षेप चालणार नाही, आणि 15 ऑगस्टच्या रात्री भारताला निलंबित केलं. तारीख बघा! भारतीय क्लबनाही आंतरराष्ट्रीय सामने बंद.

तेव्हा गोकुलमच्या पोरी कुठे होत्या? ताश्कंदला. आशियाई क्लब स्पर्धेसाठी त्या नुकत्याच उतरल्या होत्या. किट आहे, बूट आहेत, प्रतिस्पर्धी आहेत, फक्त खेळायचं नाही. त्यांनी थेट पंतप्रधानांना साकडं घातलं. उपयोग झाला नाही, न खेळताच परत आल्या.

आणि 18 ऑगस्टला, त्याच बंदीच्या काळात, मनीषा सायप्रसच्या क्लबकडून रीगाच्या संघाविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये मैदानात उतरली. महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळलेली पहिली भारतीय. अपोलॉन 3-0 जिंकला. ती वाचली कारण तिचा करार परदेशी क्लबशी होता. दोन महिने आधी ज्यांच्यासोबत ती डब्यात डबा घालून खात असेल, त्या ताश्कंदच्या हॉटेलात फोन बघत बसलेल्या. गुणवत्तेचा यात काही संबंध नव्हता. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

बंदी 26 ऑगस्टला उठली, म्हणून ऑक्टोबरमधला सतरा वर्षांखालील पोरींचा वर्ल्ड कप तरी भारतात झाला. फायनल? पुन्हा नेरुळ. स्पेन 1, कोलंबिया 0.

पैशाचं विचारता ना तुम्ही नेहमी? 2023 मध्ये फेडरेशनने ठरवलं की लीगमधल्या क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान 3.2 लाख द्यावेत. महिन्याला 26-27 हजार झाले. कमी आहेत, पण निदान आकडा आहे. त्याच वर्षाच्या शेवटी लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर, काही महिने चालणारी झाली.

मनीषा पुढे ग्रीसच्या पाओकला गेली, मग 2025 मध्ये पेरूच्या अलियान्झा लिमाला. त्याच वर्षी 5 जुलैला, थायलंडच्या चियांग माईमध्ये भारताने यजमानांना 2-1 हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. भारतीय बायका पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून आशियाई कपला पोचल्या. त्या महिन्याच्या अखेरीस 2026 च्या स्पर्धेचा ड्रॉ निघाला. भारताच्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई.