तळटीप १४ : ‘लेडी हार्डिंग’

लेडी हार्डिंग : दिल्लीतील पहाडगंजजवळचे, स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९१६). इथल्या नव्या जीवरसायनशास्त्र विभागाची सूत्रे १९३९ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांनी घेतली. केवळ बाई म्हणून बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेशासाठी झगडावे लागलेल्या याच विदुषी. केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी सापडले. मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, इलेक्ट्रॉन पुढच्या विकराकडे पोचवणारे हे प्रथिन. ते पुढचे विकर दुबळे पडले, तर बालकांना ‘ली सिंड्रोम’सारखा आजार जडू शकतो, त्याचे पहिले वर्णन १९५१चे. बाईंचा सायटोक्रोमवरचा केंब्रिजचा प्रबंध त्याआधीचा, हे वाचकाने आवर्जून ध्यानात घ्यावे. बाईंची पुढची वाटचाल दिल्लीनंतर कुन्नूर, मग मुंबई अशी.