कन्सोल घ्यावा कीं संगणक?

मुलांच्या खेळासाठीं घरांत यंत्र आणावयाचें, तर निव्वळ खेळासाठींच घडविलेला कन्सोल आणावा, कीं खेळाबरोबर इतर कामेंही करणारा संगणक आणावा, हा प्रश्न आजच्या कुटुंबांना नवा वाटत असला तरी त्याचें वय चाळीस वर्षांहून अधिक आहे. अमेरिकेंत १९८२-८३ च्या सुमारास तो घरोघर विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरावर कित्येक कंपन्यांचें दैव अवलंबून राहिलें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. हीं दोन यंत्रें भिन्न जातींचीं नव्हतींच. १९७५ सालीं एमओएस टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीनें ६५०२ नांवाचा प्रोसेसर अवघ्या २५ डॉलरांना विकावयास काढला. त्या काळीं तशाच कामाच्या इतर प्रोसेसरांना शेंकडों डॉलर मोजावे लागत. हा स्वस्त मेंदू मग सर्वत्र शिरला. १९७७ सालच्या ॲपल २ या संगणकांत तोच होता. त्याच वर्षीं निघालेल्या अटारीच्या कन्सोलांत त्याचें धाकटें भावंड होतें. आणि पुढें कमोडोर ६४ या संगणकांत व जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या कन्सोलांतही त्याचाच वंश नांदला. गंमत अशी कीं, अटारीच्या त्या कन्सोलाचें मूळचें नांव ‘व्हिडिओ काँप्युटर सिस्टिम’ असें भारदस्त होतें. वास्तविक त्याची स्मृति केवळ १२८ बाइट, तर कमोडोर ६४ ची ६५,५३६ बाइट! नांवावरून यंत्राची पारख करूं जाणारा ग्राहक तेव्हांही फसलाच असता.

खरा भेद मेंदूंत नव्हता, दारांत होता. संगणकाला कळफलक असे, आणि वीज सुरू होतांच तो बेसिक भाषेंत आज्ञा घेण्यास सिद्ध असे. मासिकांत छापलेले प्रोग्राम पानामागून पान टंकून काढावे, एक अक्षर चुकलें कीं सारें अडावें, मग ती चूक शोधीत रात्र काढावी, या खटाटोपांत कित्येक मुलें खेळणारीं होतीं तीं खेळ रचणारीं झालीं. कन्सोलाजवळ असला पसारा नव्हता. कार्ट्रिज खोंचावी, कळ दाबावी, कीं खेळ सुरू! संगणकावर कॅसेटवरून खेळ चढविण्यास कित्येक मिनिटें लागत. कन्सोलाची ही सोय क्षुद्र मानण्याचें कारण नाहीं. सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनें तीच सर्वांत मोठी.

हा प्रश्न किंमतीच्या आखाड्यांत उतरविला तो कमोडोरचे चालक जॅक ट्रॅमिएल यांनीं. पोलंडमध्यें जन्मलेला आणि ऑश्विट्झच्या छळछावणींतून वांचलेला हा पुरुष अमेरिकेंत टाइपरायटर दुरुस्त करतां करतां कारखानदार झाला होता. १९७६ सालीं त्यांच्या कंपनीनें एमओएस टेक्नॉलॉजीच विकत घेतल्यामुळें प्रोसेसर त्यांना घरचाच झाला. म्हणून १९८२ सालीं ५९५ डॉलरांस निघालेला कमोडोर ६४ पुढच्याच वर्षीं २०० डॉलरांच्या आसपास, म्हणजे जवळ जवळ कन्सोलाच्या पंक्तीला, आणून बसवितां आला. नुसत्या खेळाच्या यंत्रावर पैसे कां दवडावे, असा सवाल कमोडोरच्या जाहिरातींतून आईबापांना टाकला जाई. व्हिक-२० या धाकट्या संगणकासाठीं विल्यम शॅटनर हे प्रसिद्ध नट तें काम करीत. शिवाय कोणतेंही जुनें यंत्र परत दिल्यास १०० डॉलरांची सूट. कांहीं धूर्त ग्राहकांनीं मोडीच्या भावानें मिळणारा दुसरा संगणक केवळ या सुटीसाठींच विकत घेतला! या भावयुद्धांत टेक्सस इन्स्ट्रुमेंट्ससारख्या बलाढ्य कंपनीलाही १९८३ च्या ऑक्टोबरांत घरगुती संगणकांचा धंदा सोडावा लागला. आईबापांच्या काळजीवर चालविलेला हा व्यापार पुरता प्रामाणिक होता असें मात्र म्हणवत नाहीं. अभ्यासासाठीं म्हणून आणलेल्या त्या संगणकांवर बहुतेक घरीं खेळच रंगले.

इकडे अटारीचा कन्सोल दुसऱ्याच कारणानें कोसळत होता. त्याच्या दाराला कुलूप नव्हतें. १९७९ सालीं अटारींतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनीं ॲक्टिव्हिजन कंपनी काढून त्याच कन्सोलासाठीं स्वतंत्र खेळ विकण्यास आरंभ केला. अटारी न्यायालयांत गेली, पण १९८२ सालीं तडजोड होऊन मार्ग मोकळा झाला, आणि मग जो तो खेळ काढूं लागला. दुकानें रद्दड मालानें भरलीं. अटारीनें स्वतः ‘ई. टी.’ या चित्रपटावरील खेळ सुमारें पांच आठवड्यांत उरकून घेतला होता. न खपलेल्या कार्ट्रिजांचे ढीग १९८३ च्या सप्टेंबरांत न्यू मेक्सिकोमधील अलामोगोर्डो गांवच्या उकिरड्यांत पुरण्यांत आले; २०१४ सालीं तेथें खोदलें असतां ते खरोखरच सांपडले. अमेरिकन दुकानदारांनीं अनुमान बांधलें कीं, कन्सोल संपला, संगणक जिंकला.

तें अनुमान चुकलें. १५ जुलै १९८३ या दिवशीं निन्टेन्डोनें जपानांत १४,८०० येनला नवा कन्सोल काढला होता. नांव ‘फॅमिली काँप्युटर’, पण कळफलक नाहीं. तो वेगळा विकत मिळूं लागला १९८४ सालीं. अमेरिकेंत १९८५ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथें हें यंत्र आलें, तेव्हां बिथरलेल्या दुकानदारांसाठीं ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द टाळून त्यास ‘एंटरटेनमेंट सिस्टिम’ म्हटलें गेलें, आणि सोबत खेळण्यांतला एक यंत्रमानव देण्यांत आला. खरी नवलाई आंत होती. कार्ट्रिजांतील किल्ली ओळखली गेल्यावांचून यंत्र चालूं न देणारी एक चिप निन्टेन्डोनें बसविली होती. परवाना घेणाऱ्या कंपनीनें वर्षाकाठीं पांचच खेळ काढावे आणि कार्ट्रिजही निन्टेन्डोकडूनच करवून घ्याव्या, असा दंडक होता. रद्दड मालाचा पूर त्यामुळें आटला, हें निन्टेन्डोचें श्रेय. पण काय खेळावें हें ठरविण्याचा अधिकार घरांतून कारखान्यांत गेला. अटारी गेम्स या कंपनीनें हें कुलूप उघडण्यासाठीं स्वामित्वहक्क कचेरींतून खोट्या कारणानें त्याचा आराखडा मिळविला, आणि १९९२ सालीं न्यायालयानें निर्णय तिच्या विरुद्ध दिला.

संगणकाचें दार मात्र उघडेंच राहिलें. १० डिसेंबर १९९३ रोजीं आयडी सॉफ्टवेअर या लहानशा मंडळीनें ‘डूम’ या खेळाचा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर फुकट ठेवला. त्यासाठीं यंत्र करणाऱ्या कोणाचीही संमति त्यांस मागावी लागली नाहीं. तोच खेळ १९९५ सालीं निन्टेन्डोच्या कन्सोलावर आला, तेव्हां निन्टेन्डोचा परवाना तर लागलाच, पण त्या यंत्राला तो पेलावा म्हणून कार्ट्रिजमध्यें एक जादा प्रोसेसरही बसवावा लागला.